पूर्वापार वाट नाही

सुमंगलाच्या घराला आज वाट नाही, आणि तसं कागदावर लिहिणारा हात माझा आहे. मी पंचायतीतला क्लार्क, दत्ताराम. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी साळसूदपणाचा आव आणतोय असं वाटेल.

पेडण्यातल्या आमच्या गावात, डोंगराच्या उतारावर तिचं घर. जमीन गोकुळदास भाटकारांची, घर सुमंगलाच्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत असं घर करून राहणाऱ्याला आमच्याकडे मुंडकार म्हणतात. तीन पिढ्या ही माणसं काजूंमधल्या पायवाटेने ये-जा करत आली. सगळा वाडा, म्हणजे ती सगळी वस्ती, त्याच वाटेने देवळात जाई.

सहा वर्षांपूर्वी भाटकारांनी उतार बिल्डरला विकला. बांधकामाच्या परवान्यासाठी झालेल्या पाहणीच्या दिवशी अधिकाऱ्याने तिला विचारलं, "इथे पूर्वापार वाट आहे का?" समोर गोकुळदास काठी टेकून उभे. सुमंगला पदर सावरत म्हणाली, "आमची वाट खंयची? भाटकार चलूंक दितत म्हणान चलतों." ज्याच्या जमिनीत जन्म काढला त्याच्या तोंडावर हक्क कसा सांगायचा? मुंडकाराची बायको दुसरं काही बोललीच नसती. अधिकारी माझ्याकडे वळला. मी लिहिलं, 'पूर्वापार वाट नाही.' लिहिताना मी त्याच वाटेवर उभा होतो.

आता तिथे बावीस बंगले, भोवती दहा फुटी भिंत आणि एकच फाटक. शहरात बसून नकाशे करणारे म्हणतात, विकास झाला. विकास कसला डोंबलाचा! देवळात जायला वाड्याला मैलभर वळसा, गावच्या अरुंद रस्त्यात बंगल्यांचे टँकर अडकलेले, आणि भिंतीच्या आत हे एक कौलारू घर उरलेलं. सुमंगला बाजारातून परतली की फाटकावर वहीत तिचं नाव लिहितात. कोणाकडे जायचंय, असं विचारलं की ती स्वतःच्या नवऱ्याचं नाव सांगते. पाहुणा यायचा तर आदल्या दिवशी कळवावं लागतं, म्हणून पाहुणे येईनासे झाले.

नवरा, कृष्णनाथ, तीन वर्षं अंथरुणाला खिळलाय. वाड्याच्या आरतीत तीस वर्षं घुमट, ते चामडं मढवलेलं मातीचं वाद्य, वाजवलेला माणूस. चवथीला आरतीचा मेळ घरोघर फिरतो, आणि वर्षातून तेवढी एकच गोष्ट तो मागतो: आपल्या गणपतीपुढे मेळाची आरती व्हावी.

यंदा मेळ दुपारी फाटकावर आला. चौदा माणसं, चार घुमटं, साथीला शामेळाचा एक ढोल. रखवालदार म्हणाला, चौघांनाच सोडीन, ओळखपत्र दाखवून, वाद्यं बाहेर ठेवून. त्याला बोल लावून काय उपयोग, त्याला तसा हुकूम. सुमंगला धावत फाटकाशी आली, हात जोडले. पोरं चिडली, हमरीतुमरी झाली. शेवटी मेळाचा म्होरक्या साईश खाली मान घालून म्हणाला, "काकी, अजून सात घरां आसत." मेळ वळला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडच्या घरातली घुमटं कृष्णनाथला ऐकू आली, आणि त्याने बायकोला खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

चवथ सरल्यावर सुमंगला पंचायतीत आली. वाट मिळावी म्हणून तिने अर्ज केला होता. वाट पूर्वापार होती असं सांगणारा साक्षीदार हवा होता. वाड्यातल्या निम्म्या घरांना बंगल्यांत काम मिळालंय, कोण सही करणार?

"दत्तारामबाब, तुमीच सही करा. त्या दिसा तुमी खंयच्या वाटेन आयल्लात?"

सही करायची म्हणजे माझीच नोंद खोटी ठरवायची. चौकशी लागेल, पेन्शन लटकेल.

"चार महिन्यांत निवृत्त होतोय गो," मी म्हटलं. "झालो की लगेच करतो."

"तंवसर ते रवतले?" कृष्णनाथ तोवर टिकेल का, असं ती विचारत होती.

मी चिडलो. खरं तर स्वतःवरच, पण तोंडातून भलतंच निघालं. "सुमंगला, त्या दिवशी वाट नाही असं तूच म्हणालीस."

ती रागावली नाही.

"मी भाटकारांचां मीठ खाल्लां, म्हणान तशी बोललंय," ती म्हणाली. "तुमी कोणाचां खाल्लांत?"

अर्जाची घडी घालून तिने पिशवीत ठेवली. फाटकावरचा रखवालदार बदलायच्या आत तिला पोचायचं होतं. नवा माणूस तिला ओळखत नाही.