दादूसचा एकटेपणा

दादूसला एकटेपणा कळत नसे. एरवी हुशार माणूस, पण एम.ए.ला त्याचा जागतिक साहित्याचा पेपर याच एका मुद्द्यावर अडला. शीळफाट्याजवळच्या गावातलं आगरी घर. तीन काका, काक्या, पोरंटोरं, सगळ्यांची एक चूल. दार लावून बसायची तिथे पद्धतच नव्हती.

आमच्या बाई कल्याणच्या कॉलेजात तळमळून शिकवायच्या, "आधुनिक माणूस गर्दीतही परका आहे." कादंबरीचा नायक महिनोन्‌महिने खोलीत पडून असतो म्हटलं, की मागच्या बाकावरून दादूस विचारायचा, "बाई, याला जेवाला कोनी हाक नाय मारली?"

"त्याला कोणी नाही रे."

"चुलतभाव पन नाय?"

बाई खडू खाली ठेवायच्या.

परीक्षेत त्याने नायकाच्या नातेवाइकांवर दोन पानं ताशेरे ओढले आणि नापास झाला. ते त्याला फार लागलं. पोरगा प्रोफेसर होणार, असं आईने गावभर सांगून ठेवलेलं. शेवटी काकांच्या टिटवाळ्यातल्या रिकाम्या फ्लॅटवर तो राहायला गेला. जाताना घरच्यांना बजावलं, "कोनी येवाचा नाय. मना एकटेपणा शिकाचाय."

दुसऱ्याच दिवशी आई बोंबलाचं कालवण घेऊन हजर. पाठोपाठ गाद्या घेऊन काक्या, कॅरम घेऊन चुलतभाऊ. मी नोट्स द्यायला गेले, तर बसायला जागा नाही. त्याच्या आईने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तूच शिकवलास काय गो याला हा एकटेपणा?"

अखेर त्याने सगळ्यांना हात जोडून घरी धाडलं. दुपारी खिचडी टाकली, ती सवयीने अख्ख्या घराला पुरेल एवढी. उरलेली घेऊन त्याने शेजारची बेल वाजवली. एका आजोबांनी दार उघडलं. पातेल्याकडे बघत म्हणाले, "चुकून वाजवलीत का बेल?"

हे सांगायला दादूसने मला लगेच फोन केला. "अगं, त्यांना खरंच वाटला, मी चुकलो म्हनून."

फेरपरीक्षेत तो काठावर पास झाला. पण आजोबांना मात्र त्याने सोडलं नाही. दर रविवारी शीळला घेऊन जायचा. दादूसच्या लग्नात मी पाहिलं, तर आजोबा काकांच्या घोळक्यात उभे राहून पंगत उशिरा बसली म्हणून भांडत होते.

गेल्या वर्षी आजोबा गेले. टिटवाळ्याच्या त्या इमारतीखाली टेम्पो भरभरून माणसं उतरली. वॉचमन चक्रावून दादूसच्या आईला म्हणाला, "यांचं तर कोणीच नव्हतं ना?"

डोळे पुसत ती त्याच्यावर खेकसली, "नव्हता कसा? आमचाच म्हातारा तो."