वाकडं सरण

उंब्रजजवळच्या एका गावात कुणीही वारलं, की सरण रचायला जोतीराम नाना हजर. फौजेतून पेन्शनवर आल्यापासून हे काम त्यांनी अंगावर घेतलेलं. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "आपलं कर्तव्य हाय. नावासाठी करत न्हाई." आणि नाव घेतलं जातंय का, ते मात्र कान टवकारून ऐकायचे.

त्यांची बायको धोंडुबाई हसायची. "कर्तव्य कसलं? रक्षाविसर्जनाच्या भाषणात नाव यावं म्हणून जाता तुमी!"

हे नानांच्या फार जिव्हारी लागलं. तेवढ्यात उदयसिंह वारला. बांधावरून नानांचा त्याच्याशी उभा दावा. आता आली पंचाईत! गेलो नाही तर लोक म्हणणार, मेल्यावरही डूख धरला. गेलो तर म्हणणार, केवढं मोठं मन. म्हणजे पुन्हा कौतुक आलंच! शेवटी ठरलं, जायचं, पण लाकडाला हात लावायचा नाही. मग बघू धोंडुबाई काय बोलते.

घाटावर नाना खिशात हात घालून उभे राहिले. गावातल्या पोरांनी बारीक फाटी खाली घातली, जाड ओंडके वर. हवेला फट नाही. उदयसिंहाला वर ठेवलं, तसं सगळं डावीकडं कललं.

"आरं थांबा, गाढवांनो! घरंगळंल की त्यो!"

नानांनी बाह्या सरसावल्या आणि सगळं उतरवून पुन्हा रचलं.

रक्षाविसर्जनाला भाषणं झाली. शववाहिकेच्या ड्रायव्हरचेसुद्धा आभार मानले. नानांचं नाव मात्र राहून गेलं.

घरी धोंडुबाईनं चहा पुढं केला. "वाईट वाटलं?"

"व्हय. लय वाईट वाटलं." नाना पहिल्यांदाच खरं बोलले.

"मग आता जाणं बंद?"

"बंद कसं? वाकडं सरण बघवत न्हाई मला."

ती हसली. "आवं, पण तुमचं कोण रचणार?"

नानांनी कप खाली ठेवला. आपल्या मागं होणारी भाषणं त्यांनी मनात पुष्कळदा ऐकली होती. पण घाटावर तीच पोरं असणार, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना परसात बोलावलं. घसा बसेपर्यंत ओरडून शिकवलं, चारदा सरण मोडून रचायला लावलं. तरी खात्री पटेना. शेवटी नाना स्वतःच वर चढून आडवे झाले. "हलवून बघा रं!"

पोरांनी हलवलं. ओंडका जागचा हलला नाही. धोंडुबाई किंचाळत बाहेर आली, "आवं, उतरा खाली! जित्या माणसानं असं करावं व्हय?"

नाना हातांची घडी छातीवर ठेवून आभाळाकडं बघत होते.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "आता भाषणं न्हाई झाली तरी चालंल."