आत न बसणारी काडी

आमच्या घरात भुताला जागा नव्हती. वडील अंबरनाथच्या कारखान्यातून येत आणि जेवून अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं चाळीत वाटायला निघत. मी नववीत होते. ती पत्रकं मला तोंडपाठ होती.

शेजारच्या वहिनीने पौर्णिमेसाठी कंदील केला. कामट्यांचा एक त्रिकोण वर, एक खाली, तीन उभ्या कामट्या आणि प्रत्येक बाजूला कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरपी. तिरप्या जरा लांब कापल्या गेल्या. तिने त्या दाबून बसवल्या, तशी सगळी चौकट पिळली आणि तिरप्या आत घुसल्या. तिने तसाच कागद लावला. गाठी घट्ट होत्या, तरी बोट लागलं की कंदील धाप लागल्यासारखा थरथरायचा.

आधारासाठी ती वरच्या आणि खालच्या न जोडलेल्या कोपऱ्यांमध्ये आतून काडी बांधायला गेली. काडी सरळ धरली की कागदाबाहेर. कुठल्याही बाजूने तेच.

तिच्या सासूने, मावशींनी, ते पाहिलं.

"आतली काडी बाहेर येते? वांगणीहून भानामती घेऊन आलीस होय! संध्याकाळच्या गाडीनं माहेरी चालती हो."

वहिनीची पिशवी दाराबाहेर आली. मी पत्रकं घेऊन धावले.

"मावशी, थोतांड आहे हे!"

"ए लीडर, कागद वाचू नको. काडी आत बसवून दाखव."

मी बसवायला गेले. बसेना. एकाही पत्रकात याचं उत्तर नव्हतं. वहिनी पिशवीकडे बघत उभी होती.

मग मी त्याच मापाच्या कामट्या कापून मावशींपुढे टाकल्या. "तुम्ही बांधा. वहिनी हात लावणार नाही."

चौकट मावशींच्याही हातात पिळली. कागद म्हणून त्यांनी माझीच पत्रकं चिकटवली. काडी धरली, बाहेर. कोपरा बदलला, बाहेर. दुमडलेली भिंत मध्ये यायची. आतून एका कोपऱ्याला समोरचा कोपरा दिसतच नव्हता.

"म्हणजे भानामती तुमचीच," मी म्हटलं.

"मेले, जीभ आवर."

त्यांनी काडी खाली टाकली. मग वहिनीकडे न बघता म्हणाल्या, "पिशवी आत घे. पुढच्या वेळी आखूड काप."

मी जिंकले होते. वहिनीने पिशवी आत आणून ठेवली. फरशीवरचा मावशींचा कंदील, कुणी हात न लावता, थरथरला. आम्ही तिघीही मागे सरलो.