कारंज्याच्या खोलीचं डिपॉझिट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. त्याला एवढंच ठाऊक, की कारंज्याच्या त्या घरमालकाकडून डिपॉझिट काढून आणणारी भाडेकरू मी एकटीच. तसं मीच सगळीकडे सांगितलं. ऑफिसात कुणाचं डिपॉझिट अडकलं की माझ्याकडेच येतात. मीही ठणकावून सांगते — भ्यायचं नाही, तोंडावर मागायचं.

पण मी कसं मागितलं होतं?

खोली सोडून दोन महिने झाले होते. काका — घरमालकांना मी काकाच म्हणायचे — दरवेळी नवं कारण काढायचे. रंग उडाला, नळ बिघडला. पैसे माझ्या हक्काचे होते, त्यात मला आजही शंका नाही. मग त्यांच्या मुलीला, सुषमाला, पाहायला पाहुणे यायचे होते, नेमका तोच दिवस मी का निवडला?

सुषमाला फिट यायची. क्वचितच. घराबाहेर हे फक्त मला माहीत — एकदा ती माझ्याच खोलीत पडली होती. शुद्धीवर आल्यावर माझ्या मांडीवरूनच म्हणाली, "ताई, कोनाले सांगू नको." मी हो म्हटलं होतं.

त्या दिवशी पाहुणे बैठकीत बसले होते. काका दारातच आडवे आले. "आज काहून आली तू? उद्या ये."

"पैसे द्या, काका. नाहीतर पाहुण्यायले सुषमाच्या फिटचं सांगू का?"

काकांचा चेहरा पडला. आणि मला — लिहायला जड जातंय — मला तो पाहून बरं वाटलं. ते आत गेले, पैसे आणले, माझ्या हातात कोंबले.

तेवढ्यात पडदा हलला. मागे सुषमा उभी होती, हातात पोह्यांचा ट्रे. सगळं ऐकलं होतं तिनं. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"बाबा, राहू द्या. मीच सांगतो त्यायले," म्हणाली, आणि ट्रे घेऊन बैठकीत गेली.

मी थांबले? नाही. सरळ स्टँडवर आले, मंगरूळपीरच्या गाडीत बसले. पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले, हे काकांच्या शेजारणीनं नंतर फोनवर सांगितलं. सुषमानं पुढे कुणालाच पाहायला येऊ दिलं नाही, हेही त्या शेजारणीनंच सांगितलं. मी "अरेरे" म्हणाले — जसा काही माझा त्यात हातच नव्हता.

सुषमाला मी एकदाही फोन केला नाही. नंबर अजून आहे माझ्याकडे.