एकाच मापाची बाकं: निघोज ते नागापूर

निघोजला जायचं ठरलं ते निव्वळ माझ्या हट्टापायी. सगळा जन्म पुण्यात काढला आणि अडीच-तीन तासांवरचे रांजणखळगे पाहिले नाहीत, हे सांगायचीही लाज वाटायची. मिलिंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, थोरली बहीण नगरला असते. दिवसा निघोज, रात्री वन्संकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत, असा सुटसुटीत बेत आखला. गाडीत बसता बसता अमेरिकेतल्या लेकीचा, केतकीचा फोन आला. तिच्या तळघरातलं पाणी उपसणारा पंप बिघडला होता आणि नव्या पंपाची किंमत ऐकून ती हबकली होती.

"आई, ते नवे कर लागल्यापासून इथे सगळंच महागलंय गं."

"मग बादलीनं उपस," असा मौलिक सल्ला देऊन मी फोन ठेवला.

जाणार असाल तर वाघोली उजाडायच्या आत ओलांडा, नाहीतर अर्धा दिवस तिथेच जाईल. शिरूरपर्यंत रस्ता झकास आहे. तिथून निघोजकडे वळलं की अरुंद होतो आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे गुमान चालावं लागतं. खळगे पाहून मात्र मी तोंडात बोटं घातली. कुकडी नदीनं काळा दगड असा काही कोरलाय की मी मिलिंदचा हात घट्ट धरूनच खाली डोकावले. बूट चांगली पकड असलेले घाला, कडेला उभं राहून फोटो काढू नका आणि उन्हं तापायच्या आत जा.

जेवायला पारनेरच्या रस्त्यावर एका ढाब्यावर थांबलो. गरम शेंगोळी, ठेचा, वर कच्चा कांदा. दोघांचं पोटभर जेवण पुण्यातल्या एका थाळीपेक्षा स्वस्तात झालं. पण माझं लक्ष बाकांवर. फिकट पिवळं, गुळगुळीत लाकूड, नवंकोरं. मागे कोंबड्यांचं खुराडं त्याच लाकडाचं, शेळीची गव्हाणसुद्धा त्याचीच.

"मावशी, हे कुठून आणलं?"

"नागापूरच्या यासीनभाईकडनं," ढाब्याची मालकीण म्हणाली. "लई स्वस्त हाय बगा. अन् वाळवी लागत न्हाई."

पुढे सुप्याला चहा प्यायला थांबलो, तर तिथेही तेच बाक. वीत लावून पाहिलं, रुंदीही तीच! झालं, नगर जिल्ह्यातली नवी हस्तकला मला सापडली. वाटेत मी या लेखाचा एक परिच्छेद मनात रचूनही टाकला.

"तुझं आधी लिहून होतं, मग तू बघतेस," मिलिंद म्हणाला. तरी गाडी नगरजवळच्या नागापूरला घ्यायला लावलीच.

यासीनभाईंची वखार औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. आत पत्र्यापर्यंत पेट्या रचलेल्या, आणि दोघे कारागीर त्या उसकटून त्यांची बाकं करत होते. मी गोंधळले.

"ताई, आमी बाकवाले न्हाई," यासीनभाई हसले. "मशिनचं सामान परदेशी जातं ना, त्याच्या पेट्या बनवतो. लाकडातनं कीड जाऊ नये म्हणून ते आधी भट्टीत तापवायचं. पन अमेरिकेनं आपल्या मालावर कर लावला, मालाच्या निम्म्या किमतीचा. घेनारा म्हनला, थांबा. पेट्या तयार, माल जाईना."

"मग दुसऱ्या कुणाला द्यायच्या पेट्या."

"एका मालाला एक माप असतं. त्यात दुसरं काय बसत न्हाई. कारखान्याचा मालक भला मानूस. पेट्यांचे पैसे चुकते केले, वर म्हनला, विकून टाका, तुमच्या पोरांच्या हाताला काम राहील."

ऐकून वाईट वाटलं. तरी सवयीनं मी घासाघीस केलीच आणि एक बाक गाडीच्या टपावर बांधून घेतलं.

नगरला सावेडीत वन्संच्या दारात गाडी थांबली तसा आमचा भाचा अभिजित बाक उतरवायला धावला. दोरी सोडता सोडता त्याचे हात थांबले. त्यानं बाक उलटं केलं. खाली काळ्या रंगात वर तोंड केलेले बाण, पेल्याचं चित्र आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा शहराचं नाव.

"मामी, ही आपली पेटी आहे."

"आपली म्हणजे?" हे मी नाही, वन्संनी विचारलं. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं! "अरे, रोज डबा घेऊन आपल्या कारखान्यात जातोस ना?"

"जातो. मशिनींना तेल घालतो, पुसतो, परत झाकून ठेवतो."

यासीनभाईंचा तो भला मालक म्हणजे आमचाच अभिजित होता. गेल्या दिवाळीत याच पोरानं आम्हाला हसत हसत फराळ वाढला होता. मग त्यानं सांगितलं, ऑर्डर व्हिएतनामला गेली होती, कारण त्यांच्यावर कर कमी. यानं वर्षानुवर्षं सुधारत आणलेलं ड्रॉइंगही तिकडे गेलं.

"म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला आता स्वस्त पडतं?" मिलिंदनं विचारलं.

"कुठलं, मामा! कर व्हिएतनामवरही आहेच. शेवटी घेणाराच जास्त मोजतो."

"पण तू बनवत काय होतास?" मी विचारलं.

"पंपाची बॉडी. तिकडे तळघरातलं पाणी उपसायला लावतात ना, त्याची."

केतकीला दिलेला बादलीचा सल्ला आठवला. रात्री वन्संनी हौसेनं केलेली नगरकडची झणझणीत शिपी आमटी कुणालाच गोड लागली नाही.

सकाळी अभिजित आम्हाला कारखान्यात घेऊन गेला. वन्संही आल्या. एका कोपऱ्यात चौघे कामगार काम करत होते, बाकीचे आलटून पालटून येतात. शेतीपंपांसाठी नवे साचे करून बघतोय म्हणाला. पाडव्यापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मोठं मशिन विकायचं आणि माणसांना निरोप द्यायचा. वन्संनी झाकलेल्या मशिनीवर हात ठेवला. "मला सांगायचं तरी," एवढंच म्हणाल्या. परतीच्या वाटेवर यासीनभाईंकडे थांबून मी घासाघिशीत कमी केलेले पैसे त्यांच्या हातात ठेवले. ते घेईनात, पण मी ऐकलं नाही.

निघोजला जरूर जा, एका दिवसात आरामात होतं. माझ्या फोनमध्ये खळग्यांचे ढीगभर फोटो आहेत, ते अजून उघडलेले नाहीत. बाक गॅलरीत ठेवलंय. परवा केतकीनं व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी त्यावरच बसले होते. पंप अजून घेतला नव्हता, दोघं नवराबायको बादल्यांनीच पाणी काढत होती.

"अय्या आई, बाक काय मस्त आहे गं! मला पाठव ना असं एक."

"अगं, तुमच्याकडेच निघालं होतं ते," मी म्हणाले.

तिला वाटलं, मी थट्टा करतेय. ती खळखळून हसली.