उघाडीचं रजिस्टर

हे मी घरीसुद्धा बोललेले नाही. वाणसामानापासून लग्नातल्या आहेरापर्यंत सगळ्याच्या याद्या करणारी मी – ही एक गोष्ट कुठल्याच यादीत घातली नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी नायगावच्या खाडीचे बांध सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीत कारकून होते. बांधाला उघाडी असते, म्हणजे फळ्यांचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी सोडायचं, भरतीआधी फळ्या टाकून खारं पाणी अडवायचं. महादूकाका हे काम वर्षानुवर्षं करत आले होते. आता निवृत्त होणार, म्हणून साहेबांनी मला सांगितलं, त्यांना ठाऊक आहे ते सगळं रजिस्टरात उतरवून घ्या.

तीन दिवस बांधावर बसले. "घड्याल कं बगतंस, बाय? निवट्या बग!" काका हसले. चिखलातले ते मासे काठ चढायला लागले, की फळ्या टाकायच्या. अमावास्येला तर उधाण लवकर चढतं, पाणी फिरायची वाट बघायचीच नाही. काय मजा वाटली मला! सगळं लिहून घेतलं – माझ्या वहीत.

रजिस्टरात गेली फक्त फळ्यांची संख्या आणि भरतीच्या वेळा. का? तसा रकानाच नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. पण शेऱ्याचं अख्खं पान कोरं होतं. खरं कारण – ज्याच्यावाचून कचेरीचं अडतं त्याची बदली होत नाही. हे मला कोणी शिकवलं? कोणीच नाही. तरी आमच्या प्रत्येकाच्या खणाला कुलूप होतं. याचं मला अजून नवल वाटतं.

सर्वपित्री अमावास्येला काकांच्या जागी आलेल्या नव्या माणसाने रजिस्टर बघून, अगदी वेळेवर फळ्या टाकल्या. खारं पाणी आधीच आत गेलं होतं. पोटरीतलं, कणसं फुटायच्या बेतातलं भात करपलं.

"म्हाताऱ्याने सांगितलं नव्हतं हे?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणाले, "नाही साहेब. अलीकडे विसरायचे ते."

काका विसरतात, हे गावात पसरलं. दोन दिवसांनी काका माझ्या टेबलाशी आले. भांडायला नाही – खरंच विचारायला. "बाय, मी तुला निवट्यांचा सांगला नव्हता कं?"

"नाही, काका."

"आसंल," म्हणाले. "वय झाला."

पुढे गावात कोणी भरतीचं विचारलं, की म्हणायचे, "मना नको इचारू." मी ते माझ्या कानांनी ऐकलं. वही तेव्हा माझ्या पिशवीत होती. मी पुढे चालत राहिले.