बाप्याचं येगळं असतंय

मी घर सोडलं तो मे महिना होता. तासगावच्या पुढं, द्राक्षबागांच्या मधोमध आमचं गाव, आणि मेमध्ये तिथं असं ऊन पडतं की कुत्रीसुद्धा ट्रॅक्टरखालून हलत नाहीत. अंगणात जीप उभी होती. माझ्या बॅगा चढवायला भावकी जमलेली, आणि भावकीतल्या एकाही बाप्याच्या अंगात शर्ट नव्हता. आमचे वडील, आण्णा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. तिकडं म्हणे बटणसुद्धा ढिलं चालायचं नाही, पण घरात पाऊल टाकलं की पहिलं काम, सदरा खुंटीला. धाकट्या चुलत्यांना, तात्यांना तर लग्नकार्य सोडून शर्टात पाहिल्याचं मला आठवत नाही. अशी ती उघडी, घामेजलेली मंडळी बॅगा उचलत होती, आणि आई काय करत होती? तर माझ्या ड्रेसवरची ओढणी दोन्ही खांद्यांना सेफ्टी पिनांनी टाचत होती. "अंगभर कापडं घालत जा गं तिकडं," म्हणाली, "परमुलूख हाय." आण्णा म्हणाले, "नाव ठेवाय जागा दिऊ नगंस." मी दोघांच्या पाया पडले आणि घामानं चिंब ओढणीत जीपमध्ये बसले.

नवऱ्याची नोकरी जर्मनीत, लाइपझिगला. तिथं कोळशाच्या जुन्या खाणींमध्ये पाणी भरून मोठमोठी तळी केलीत. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारची रेनाटे आम्हाला तळ्यावर घेऊन गेली. रेनाटे सत्तरीची, निवृत्त शाळामास्तरीण, केस पांढरेशुभ्र. तिनं चादर अंथरली, चष्मा लावला, वरचे कपडे काढून घडी घालून पिशवीत ठेवले आणि आरामात पेपर वाचायला लागली. अगं बाई! माझा नवरा समोरच्या झाडाकडे बघत बसला. एकाच झाडाकडे, दुपारभर. मला कळेना, पदर कुणावर ओढू, तिच्यावर की स्वतःवर? आणि बाकीच्या जगाला त्याचं काही म्हणजे काही नव्हतं. आइस्क्रीमवाला तिच्यापुढं उभा राहून विचारत होता, व्हॅनिला देऊ की स्ट्रॉबेरी, आणि ती विचारात पडली होती.

घरी येऊन मी रात्री जेवले नाही. आता हसू येतं. तेव्हा वाटलं होतं, कुठं येऊन पडलो आपण!

मग हळूहळू दिसायला लागलं की लाजेच्या बाबतीत कुणाचाच कुणाशी मेळ नाही. माझ्या ऑफिसात ब्राझीलची एक पोरगी आहे. तिकडच्या समुद्रावर बायका चिंधीएवढ्या कपड्यात फिरतात, पण तीच मला म्हणाली, "वरचं काढलं तर आमच्याकडे बोंब होईल, कुणीतरी पोलिसांना बोलावेल." एक अमेरिकन बाई आहेत, त्यांना रेनाटेसारख्यांचा राग येतो, आणि दिवाळीला मी साडी नेसून गेले तर माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "फारच धीट आहेस तू." कपाळ माझं! आमच्या गावात ज्या साडीला सोज्वळ म्हणतात तिच्यात या बाईला माझं उघडं पोट दिसलं. आणि त्याच लाइपझिगमध्ये एक गडी उघड्या अंगानं सुपरमार्केटात शिरला तर काउंटरवरच्या बाईनं त्याला दारातूनच परत धाडलं, शर्ट घालून ये म्हणून. मी रांगेत उभी राहून तात्यांची आठवण काढली. आमचे तात्या त्या दुकानातून रोज हाकलले गेले असते.

गावाकडच्या मंडळींनो, हे मी तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दर फोनला तुमचा एकच प्रश्न. "तिकडं बाया उघड्या हिंडत्यात म्हणं?" अरे, हिंडत नाहीत! तळ्याकाठी बसतात, त्याही सगळ्या नाहीत, आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. "कसं बघत न्हाईत?" पालथ्या घड्यावर पाणी. आणि माझ्यासारख्या परदेशी गेलेल्यांनो, तुमचंही कौतुक ऐका. तुम्ही घरी फक्त बर्फाचे फोटो पाठवता. उन्हाळा तुमच्याकडे येतच नाही जणू. तळ्यावर तुम्हीही जाता, मला माहीत आहे, मी तुम्हाला तिथं पाहिलंय. पण ते फोटो आधी कापायचे, छाटायचे, मग पाठवायचे. म्हणून सगळं मेलं माझ्याच गळ्यात आलं.

झालं असं. गेल्या वर्षी माझी लेक पहिल्यांदा तळ्यात पोहली. मी मोठ्या हौसेनं तिचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. लेक पाण्यात, हात वर, पुढचा एक दात पडलेला. पाठीमागं काठावर एक बाई बसली होती, रेनाटेच्या वयाची, रेनाटेच्याच थाटात. शपथेवर सांगते, ती मला दिसलीच नव्हती. इतक्या वर्षांत नजर सरावलेली, काठावर झाड असावं तशी ती बाई तिथं होती. पण तात्यांच्या विकासला दिसली. आधी शोधून काढली, मग फोटो मोठा केला, लाल गोल काढला आणि पुन्हा ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमची ताई राहते ते हे गाव." माझ्या लेकीच्या पडलेल्या दाताबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मीही चार शिव्या हासडून गप्प बसले असते. पण माझ्या भावाची, दादाची मुलगी पल्लवी त्याच वेळी जर्मनीला निघायच्या बेतात होती. एकवीस वर्षांची पोर. सांगलीला एसटीनं जाऊन येऊन ती जर्मन शिकली, बसमध्ये उभ्यानं क्रियापदं पाठ केली. आणि जर्मनीत नर्सिंगच्या शिक्षणाला तिला जागा मिळाली, शिकता शिकता पगार देणारी. व्हिसाची तारीखही आली होती. त्या लाल गोलानंतर दादाचा मला फोन आला. "पल्लीचं क्यान्सल करायलोय गं. तात्या म्हणत्यात, असल्या मुलखात पोरगी धाडायची न्हाई. तिचं लगीन हुयाचं हाय अजून." मागं पल्लवीच्या रडण्याचा आवाज येत होता. मी सुट्टी टाकली आणि निघाले.

पोचले ती भर दुपारी. पावसानं ओढ दिलेली, वीज गेलेली. ओसरीवर बैठक बसली होती, म्हणजे आण्णा, तात्या, दादा आणि विकास. चौघेही कमरेवर उघडे. तात्यांनी बनियनची गुंडाळी करून पाठीशी घेतलेली आणि टॉवेलानं पोटाला वारा घालत होते. पल्लवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी, डोळे सुजलेले, त्या उकाड्यातही ओढणी गळ्याशी घट्ट. वहिनी माहेरी कुणाच्या तरी बाळंतपणाला गेलेली. आई चुलीपाशी भाकऱ्या बडवत होती.

"ये पोरी," तात्या म्हणाले, "तूच सांग. तू हाईस शिकल्याली. बाईमाणसानं चारचौघांत असं बसावं? कुठली संस्कृती ही?" आणि बोलता बोलता त्यांनी मांडी बदलून छाती खाजवली.

मी म्हटलं, "तात्या, पल्लवी तिथं तळ्यावर बसायला चालली नाही. नर्स व्हायला चाललीय. उद्या म्हाताऱ्या माणसांची अंगं पुसायचीत तिला, जखमा धुवायच्यात. माणसाचं शरीर बघून लाजत बसली तर तिचा उपयोग काय?"

"त्येच तर म्हणतोय मी."

"काय म्हणताय?"

"त्येच."

विकास मध्येच म्हणाला, "ताई, तुला आता सवय झालीय. म्हणूनच तर भ्या वाटतंय." मी त्याला म्हटलं, "आणि तू कसा बसलायस बघ जरा." तर तात्या हसायला लागले. "बाप्याचं येगळं असतंय गं!" दादानंही मान हलवली. का वेगळं असतं, ते कुणी सांगेना. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात ना, पण इथं तर झाकायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. मी चिडून काहीबाही बोलत राहिले. कायदा, शिक्षण, पोरीचं भविष्य, सगळं बोलून झालं. शेवटी आण्णा म्हणाले, "माजी नात हाय ती. लोकांनी तिला नाव ठेवल्यालं मला सोसायचं न्हाई. ऱ्हाऊ द्या." पल्लवीनं उंबऱ्यातच बसकण मारली. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. हात पिठाचे, पदर डोक्यावर. ती सरळ खुंटीपाशी गेली, आण्णांचा सदरा काढला, दादाचा काढला, दोरीवरचे तात्यांचे आणि विकासचे काढले, आणि चौघांच्या पुढ्यात एकेक टाकला.

"घाला."

"आँ?" आण्णा म्हणाले.

"कापडं घाला म्हन्ते मी. बाईच्या अब्रूचं बोलायचं हाय न्हवं? मग अंगभर घालून बोला. मी बी पदर घिऊनच हुबी हाय."

"येडी झालीस का काय? उकडतंय किती!"

"उकडतंय?" आई म्हणाली. "मला लगीन झाल्यापास्नं उकडतंय."

आई आयुष्यात कधी बैठकीत बोललेली नव्हती. चहा घेऊन यायची, कप घेऊन जायची.

"भावजी, बगताय काय? माझी आजी म्हातारपणी चोळी घालीत नव्हती. नुसतं लुगडं गुंडाळायची अन् पारावर बसायची. तवा कुणाची अब्रू गेली न्हाई. त्या फोटुतली बाई कुनाची तरी आजीच हाय की. अन् विकास, तू रं? एवढ्या लांबची म्हातारी बरी घावली तुला? लेकराचं तोंड न्हाई दिसलं?"

विकासनं मान खाली घातली. सगळ्यांत आधी शर्ट त्यानं घातला. मग दादानं. तात्या "आवं वैनी, आवं वैनी" करत बाही शोधत राहिले. आण्णांनी सदरा घातला आणि फौजेतल्या सवयीनं गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. आई चौकटीला टेकून उभी राहिली. "आता बोला," म्हणाली. "बैठक हुंद्या निवांत."

काय बोलणार? पत्रा वरून तापलेला, पंखा बंद. पाच मिनिटांत तात्यांचा शर्ट पाठीला चिकटला. ते बटणाला हात घालायचे आणि आईकडे बघून परत काढायचे. दादा नाकावरचा घाम पुसत होता. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. मी एवढं शहाणपण पाजळलं, ते एकाच्या कानात शिरलं नाही, आणि एका टेरिकॉटच्या शर्टानं काम केलं. आण्णा मात्र ताठ बसले होते. घामाचे ओघळ कानामागून गळपट्टीत जात होते. ते आईकडे बघत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे असं बघितलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

"असंच उकडतंय व्हय गं रोज?" त्यांनी विचारलं.

"चुलीम्होरं जास्त," आई म्हणाली.

आण्णांनी गळ्यावरून हात फिरवला. "पल्ले, कागदं काढ तुजी. तारीख चुकवायची न्हाई." आणि तात्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "झाली बैठक." चौघेही बागेकडे निघाले. जाताना शर्ट कुणी काढला नाही. रस्त्यावर गेल्यावर काढले असतील तर माहीत नाही.

ते गेल्यावर आईनं पुढच्या दाराला कडी घातली. मधल्या खोलीत आली, माझ्याकडे पाठ करून बसली, पदराआडून ब्लाऊज काढला आणि बाजूला ठेवला. "वारं घाल गं पल्ले," म्हणाली. पल्लवीनं कोपऱ्यातलं सूप उचललं. मी पहिल्यांदाच आईची पाठ बघितली. मानेपासून कमरेपर्यंत घामोळं. लाल पुरळ, जुने डाग, ब्लाऊजच्या शिवणीचे वळ. माझी आई, आणि मला माहीत नव्हतं. मला इतका राग आला, पण तो कुणावर काढायचा? मी पावडरीचा डबा आणला आणि तिच्या पाठीला लावत बसले. पल्लवीनं ओढणी काढून बाजूला टाकली, मीही टाकली.

"तळ्याकाठच्या त्या बायास्नी पाठीला वारं लागत आसंल न्हवं?" आईनं विचारलं.

"लागतं की."

"मग बसू दे बाई," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

लाइपझिगमध्ये मला विचारतात, तुझं घर कुठलं. मी तासगाव सांगते, मग सांगली, मग पुणे, मग मुंबई, त्यांना कळेपर्यंत. गावात विचारतात, आता तिकडचीच झालीस का. इतकी वर्षं मी दोन्हीकडे उत्तर देऊन देऊन वैतागले. तळ्यावर मी आजही अंगभर पोहण्याचा पोशाख घालते, रेनाटे हसते. गावाच्या वेशीवर गाडी आली की हात आपोआप ओढणीकडे जातो. त्या मधल्या खोलीत मात्र मला काही सावरावंसं वाटलं नाही. आई पाठ उघडी टाकून बसली होती, पल्लवी सुपानं वारा घालत होती आणि परत जायचं आहे हे मी विसरून गेले होते.

दारावर थाप पडली. आण्णा होते. "कडी का लावलीया? उघडा की, लय ऊन हाय हितं."

आई जागची हलली नाही. "बसा भाईरच जरा," ती म्हणाली. "घरात बायका हाईत."